रविवारी रात्री दोन वाजता तुमचा मेल कुठे असतो?

नोटीस बोर्डावर महिन्यातून एकदा एक छोटासा कागद लागतो. "रविवारी रात्री २ ते ४ या वेळेत मेल सर्व्हर देखभालीसाठी बंद राहील. गैरसोयीबद्दल क्षमस्व." बस्स, एवढंच! मेसच्या मेनूखाली आणि हरवलेल्या कॅल्क्युलेटरच्या चिठ्ठीशेजारी तो कागद चार दिवस फडफडतो आणि मग होस्टेलमध्ये तेच ते प्रश्न सुरू होतात. कोणाला इंटर्नशिपचं उत्तर यायचं असतं, कोणाची स्कॉलरशिपच्या कागदांची मुदत सोमवारी सकाळी संपत असते, कोणाला सरांनी "रिपोर्ट मेल कर" म्हणून सांगितलेलं असतं. आणि सगळ्यांना एकच भीती : त्या दोन तासांत आलेला मेल कायमचा गेला का?

या प्रश्नाला होस्टेलमध्ये दोन ठराविक उत्तरं मिळतात. एक गट म्हणतो, "काही होत नाही रे, झोप." दुसरा गट म्हणतो, "सर्व्हर बंद म्हणजे मेल गेलाच. तीनदा पाठवून ठेव." खरं उत्तर या दोन्हीच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे. कारण ज्याची आपल्याला भीती वाटते तो मेल बहुधा सुरक्षित असतो, आणि जो हरवू शकतो त्याचा आपण विचारही केलेला नसतो!

(माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. तेव्हा मध्येच एखादा इंग्रजी शब्द डोकावला तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. तसेही 'सर्व्हर'ला चांगला मराठी शब्द आमच्या वर्गात कोणालाच सुचला नाही.)

पोचपावतीचा नियम

आपल्या आजोबांच्या काळात महत्त्वाचं पत्र 'रजिस्टर एडी'ने पाठवायचे. टपाल खात्याने २०२५ साली रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये सामावून घेतलं, पण ती पद्धत अजून सगळ्यांना आठवते. पत्राला एक कार्ड जोडलेलं असायचं. ज्याच्या हातात पत्र पडलं त्याची सही त्या कार्डावर व्हायची आणि ते कार्ड पाठवणाऱ्याकडे परत यायचं. ती पोचपावती हातात येईपर्यंत आजोबा आपल्याजवळची नक्कल फाडत नसत.

ई-मेलची सगळी यंत्रणा नेमकी याच तत्त्वावर उभी आहे. एका सर्व्हरकडून दुसऱ्या सर्व्हरकडे मेल कसा द्यायचा याचे नियम 'एसएमटीपी' या नावाने ओळखले जातात. जॉन पोस्टेल यांनी ते १९८२ साली लिहून काढले. पुढे २००१ आणि २००८ साली ते सुधारून पुन्हा लिहिले गेले, पण गाभा तोच राहिला. दोन सर्व्हर एकमेकांशी कसे बोलतात ते सोप्या मराठीत असं सांगता येईल :

"नमस्कार, मी अमुक सर्व्हर." "या."
"या पत्त्यावरून पत्र आहे." "बरं."
"या पत्त्यासाठी आहे." "हो, आमच्याकडे राहतात ते."
"मग पत्र वाचून दाखवू?" "दाखवा. संपलं की एका ओळीवर नुसता एक टिंब द्या."

मग पाठवणारा सर्व्हर पूर्ण मजकूर धाडतो, शेवटी टिंब देतो आणि थांबतो. समोरचा सर्व्हर मेल नीट ठेवून घेतो आणि '२५०' हा आकडा परत पाठवतो. हा २५० म्हणजेच पोचपावती. तो येईपर्यंत मेलची जबाबदारी पाठवणाऱ्याची. तो आला की जबाबदारी घेणाऱ्याची. मधली अवस्था नाही.

नियमांत याबद्दल स्पष्ट बजावलेलं आहे. एकदा २५० म्हटलं की मग नंतर मशीन कोसळलं, किंवा ज्याचा आधीच अंदाज यायला हवा होता अशी जागा कमी पडली, असल्या फुटकळ कारणांसाठी मेल हरवता कामा नये. म्हणजे सर्व्हरने "मिळालं" म्हणण्याआधी ते अशा ठिकाणी ठेवायला हवं की पुढच्या क्षणाला वीज गेली तरी ते शाबूत राहील.

आता समजा, नेमकं टिंब आणि २५० यांच्या मध्येच सर्व्हर बंद झाला तर? पाठवणाऱ्याला पावती मिळालेली नाही, म्हणून तो थोड्या वेळाने तोच मेल पुन्हा पाठवतो. घेणाऱ्याने पहिल्या खेपेस तो लिहून ठेवला असेल तर आपल्याला तोच मेल दोनदा मिळतो. रीस्टार्टनंतर कधीकधी एकच मेल दोनदा दिसतो त्याचं एक कारण हे आहे. ही चूक नव्हे, मुद्दाम केलेली निवड आहे. शंका असेल तेव्हा दोनदा पोचलेलं चालेल, पण हरवलेलं चालणार नाही.

जुहू ते पवई

ही सगळी काळजी आली कुठून? ज्या काळात हे नियम घडले त्या काळात समोरचं मशीन चालू असेलच असं कोणी गृहीत धरत नव्हतं. याचं उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे.

१९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने 'अर्नेट' हा प्रकल्प सुरू केला. त्यात पाच आयआयटी, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था, खुद्द इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि मुंबईत जुहूला असलेलं 'एनसीएसटी' हे राष्ट्रीय सॉफ्टवेअर केंद्र अशा आठ संस्था होत्या. एनसीएसटीचे प्रमुख होते श्रीनिवासन रमणी. (त्यांना २०१४ साली 'इंटरनेट हॉल ऑफ फेम'मध्ये स्थान मिळालं. एनसीएसटी पुढे सी-डॅकमध्ये विलीन झालं.) सुरुवातीच्या काळात जुहूचं एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात मेल जायचा तो साध्या टेलिफोन लाइनवरून. मोडेमने नंबर फिरवायचा, लाइन लागली की साठलेली पत्रं एका दमात द्यायची-घ्यायची आणि फोन ठेवायचा. या पद्धतीचं नाव 'यूयूसीपी'.

फोन लागलेला नसेल तेव्हा पत्रं कुठे असायची? पाठवणाऱ्या मशीनच्या डिस्कवर, रांगेत! फोन नाही लागला तर पुन्हा फिरवायचा. म्हणजे आपला सर्व्हर रविवारी रात्री दोन तास बंद असतो, तसे तिथले सर्व्हर एकमेकांच्या दृष्टीने दिवसातले बहुतेक तास 'बंद'च होते. तरीही मेल चालायचा. १९८९ साली एनसीएसटीतून अमेरिकेला ९६०० बिट्स प्रति सेकंद वेगाची कायमची लाइन मिळाली. हा वेग आज आपल्याला हसू आणेल. पण रांगेत उभं राहून वाट बघायची ती जुनी सवय मेलने सोडली नाही, आणि आज आपला मेल वाचतो तो याच सवयीमुळे.

चार आणि पाच

पाठवणाऱ्या सर्व्हरला नकार मिळतो तेव्हा तो नकार दोन प्रकारचा असू शकतो. हे प्रकार प्रत्येकाने लक्षात ठेवावेत असे आहेत.

उत्तराचा आकडा ४ ने सुरू झाला तर अर्थ : "आत्ता नाही, नंतर या." म्हणजे तात्पुरता नकार. सर्व्हर व्यवस्थित बंद होत असेल तर तो जाता जाता ४२१ म्हणतो, म्हणजे 'सेवा सध्या उपलब्ध नाही'. सर्व्हर पूर्ण बंद असेल आणि कोणी उत्तरच देत नसेल तर तेही तात्पुरतंच धरलं जातं.

आकडा ५ ने सुरू झाला तर अर्थ : "नाही, आणि पुन्हा येऊ नका." हा कायमचा नकार. मग पाठवणारा सर्व्हर प्रयत्न सोडतो आणि "तुमचा मेल पोचला नाही" असा निरोप मूळ लेखकाला पाठवतो.

पोस्टमन घराला कुलूप बघून परत गेला तर तो उद्या पुन्हा येतो. शेजाऱ्याने "हे लोक इथे राहतच नाहीत" म्हणून सांगितलं तर पत्र उलट टपाली जातं. तसंच आहे हे.

म्हणून रविवारी रात्री २ वाजून १० मिनिटांनी पुण्याच्या एखाद्या कंपनीने तुम्हाला मेल पाठवला तर तो हरवत नाही. तो त्या कंपनीच्या सर्व्हरच्या डिस्कवर रांगेत उभा असतो. शीर्षकातल्या प्रश्नाचं हे अर्धं उत्तर!

तो परत कधी प्रयत्न करणार? नियमांची शिफारस अशी की दोन प्रयत्नांत साधारण निदान ३० मिनिटं असावीत. प्रत्येक सॉफ्टवेअर थोडं वेगळं वागतं. 'पोस्टफिक्स' हे प्रसिद्ध मेल सॉफ्टवेअर नेहमीच्या मांडणीत सुरुवातीला लवकर प्रयत्न करतं आणि मग अंतर वाढवत ४००० सेकंदांपर्यंत, म्हणजे तासाहून थोडं जास्त, नेतं. म्हणून सर्व्हर पहाटे ४ ला उठला तरी सगळे मेल ४ वाजून १ मिनिटाने येत नाहीत. कोणी ४ वाजून ५ ला येईल, कोणी ५ ला. सकाळी सहाला उठून "आला नाही म्हणजे गेला" असं ठरवू नका.

पाठवणारे सर्व्हर खरोखरच पुन्हा येतात यावर अख्ख्या जगाचा किती भरवसा आहे बघा. २००३ साली 'ग्रेलिस्टिंग' नावाची युक्ती निघाली. त्यात सर्व्हर चालू असूनही अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्या वेळी मुद्दाम "नंतर या" म्हणतो. खरा सर्व्हर परत येतो, घाईतला स्पॅमवाला बहुधा येत नाही!

पाच दिवसांचं घड्याळ

पण ही रांग अमर्याद नसते. नियमांप्रमाणे पाठवणाऱ्याने साधारण निदान ४ ते ५ दिवस प्रयत्न करावा. पोस्टफिक्सची नेहमीची मुदत ५ दिवस आहे. त्यानंतर मेल परत जातो. तोही गुपचूप नाहीसा होत नाही, लेखकाला कळवून जातो.

दोन तासांच्या देखभालीला पाच दिवस म्हणजे भरपूर झाले. पण आपण राहतो कोकणात. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ आलं तेव्हा आपल्याच जिल्ह्यातल्या दापोली आणि मंडणगड तालुक्यांत विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावं अनेक दिवस अंधारात होती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणात शिरलं तेव्हा वीज, फोन सगळंच ठप्प झालं. अशा वेळी ज्या सर्व्हरची खोली तळमजल्यावर आहे त्याच्यासाठी पाच दिवसांचं घड्याळ ही काही पुस्तकी गोष्ट राहत नाही. सहाव्या दिवशी वीज आली तर आधीचे मेल परत गेलेले असू शकतात.

यावर उपाय म्हणून काही ठिकाणी दुसऱ्या गावात एक जादा सर्व्हर नोंदवून ठेवतात. मुख्य सर्व्हर उत्तर देत नसेल तर पाठवणारे त्याच्याकडे मेल देतात आणि तो मुख्य सर्व्हर उठेपर्यंत सांभाळून ठेवतो. पण त्यालाही पाच दिवसांऐवजी जास्त मुदत लावून ठेवायला हवी, नाहीतर फायदा काय?

मग हरवतो कुठे?

आता मुख्य मुद्दा. बाहेरून येणारा मेल एवढा सुरक्षित असेल तर धोका आहे कुठे? मला या पाच जागा महत्त्वाच्या वाटतात.

पहिली जागा : तुमचा ब्राउझर. रात्री १ वाजून ५५ मिनिटांनी तुम्ही दोन पानी अर्ज थेट वेबमेलच्या खिडकीत टाइप करत बसलात आणि २ वाजून ३ मिनिटांनी 'सेंड' दाबलं, तर तो मजकूर अजून कुठल्याही रांगेत गेलेलाच नाही. त्याला पोचपावतीचा नियम लागू होत नाही, कारण तो अजून 'मेल' झालेलाच नाही! पान पुन्हा लोड केलं की संपलं. रीस्टार्टच्या रात्री विद्यार्थ्यांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि नाव मात्र सर्व्हरचं खराब होतं.

दुसरी जागा : सर्व्हरची मेमरी. प्रोग्रॅमने "फाइल लिहिली" म्हटलं तरी लिनक्स ती लगेच डिस्कवर लिहितोच असं नाही. वेग मिळावा म्हणून तो मजकूर मेमरीत ठेवतो आणि साधारण अर्ध्या मिनिटाच्या आत-बाहेर डिस्कवर उतरवतो. चांगलं मेल सॉफ्टवेअर २५० म्हणण्याआधी "आत्ताच्या आत्ता डिस्कवर लिही" असा हुकूम देतं. या हुकमाला 'एफसिंक' म्हणतात. तो सावकाश चालतो. म्हणून कोणी हुशार माणूस वेग वाढवायला तो बंद करून ठेवतो. मग सर्व्हरने २५० म्हटलेलं असतं, पाठवणाऱ्याने आपली नक्कल टाकून दिलेली असते, आणि मेल असतो फक्त मेमरीत. नीट रीस्टार्ट केला तर बंद होताना सगळं डिस्कवर उतरतं, काही बिघडत नाही. पण कोणी कंटाळून पॉवरचं बटण दाबून धरलं तर तेवढे मेल खरोखरच, कायमचे जातात. कोणालाही निरोप जात नाही. खरं 'हरवणं' म्हणतात ते हेच.

तिसरी जागा : उठतानाची पहिली पाच मिनिटं. ही मला सगळ्यात धोक्याची वाटते, कारण सर्व्हर चालू झाल्यामुळे सगळे निर्धास्त असतात. समजा, मेल घेणारा प्रोग्रॅम सुरू झाला, पण विद्यार्थ्यांच्या नावांची यादी ज्या डिस्कवर आहे ती अजून जोडली गेलेली नाही. यादी रिकामी दिसते. बाहेरून मेल आला की सर्व्हर शांतपणे सांगतो, "५५०, असा कोणी इथे राहत नाही." आकडा पाचने सुरू होतो, म्हणजे कायमचा नकार. दोन तास बंद असलेल्या सर्व्हरने एकही मेल गमावलेला नसतो, आणि अर्धवट जागा झालेला सर्व्हर पाच मिनिटांत पन्नास मेल परत पाठवू शकतो! कुलूप लावलेल्या घरापेक्षा झोपेत दार उघडून "चुकीचा पत्ता" सांगणारा माणूस जास्त घातक.

चौथी जागा : रांग न लावणारे पाठवणारे. सगळेच मेल पूर्ण सर्व्हरकडून येत नाहीत. एखाद्या वेबसाइटचा फॉर्म, लॅबमधला स्कॅनर, कोणीतरी घाईत लिहिलेली स्क्रिप्ट, हे थेट मेल द्यायला जातात, एकदाच प्रयत्न करतात आणि नाही जमलं तर सोडून देतात. आपल्या प्रोजेक्टमध्ये सेन्सरचं तापमान वाढलं की मेल करणारी स्क्रिप्ट आपण लिहितो, तीही यातलीच. नियमांनी "पुन्हा या" म्हटलं, पण येणाऱ्याला परत यायची सवय हवी ना!

पाचवी जागा : वेळ. ओटीपीचा मेल दहा मिनिटांत निरुपयोगी होतो. मध्यरात्रीची मुदत असलेला फॉर्म सकाळी सहाला पोचून काय उपयोग? असा मेल तांत्रिकदृष्ट्या पोचतो, पण आपल्या दृष्टीने हरवलेलाच असतो.

याउलट काही गोष्टींना लोक उगाच घाबरतात. 'पॉप' पद्धतीने मेल उतरवून घेताना मध्येच कनेक्शन तुटलं तर? सर्व्हर मेल पुसतो ते तुम्ही रीतसर निरोप घेतल्यावरच. मध्येच तुटलं तर काही पुसलं जात नाही, फार तर काही मेल दोनदा उतरतात. दुसरी गंमत 'सेंट' फोल्डरची. कित्येक प्रोग्रॅम मेल पाठवणं आणि त्याची नक्कल 'सेंट'मध्ये ठेवणं ही दोन वेगळी कामं म्हणून करतात. पहिलं झालं आणि दुसऱ्याआधी सर्व्हर गेला, तर मेल पोचतो पण 'सेंट'मध्ये दिसत नाही. तसंच उलटंही खरं आहे. 'सेंट'मध्ये दिसतो म्हणजे समोरच्याला मिळाला असं नाही. तो फक्त आपल्या सर्व्हरने स्वीकारला, एवढंच.

रीस्टार्ट करायचाच कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. चाललंय ते चालू द्यावं की! पण कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज पडू नये. आपल्याकडे मे महिन्यात कौलं काढून घर शाकारतात, तेव्हा घरात धूळ होते, दोन दिवस गैरसोय होते. पण जुलैत धो धो पाऊस पडताना कोणी छपरावर चढत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातली सुरक्षेची दुरुस्ती बहुधा रीस्टार्ट केल्याशिवाय लागू होत नाही. काही प्रोग्रॅम हळूहळू मेमरी खात जातात. यूपीएसच्या बॅटऱ्या म्हाताऱ्या होतात.

आणखी एक कारण आहे, ते फारसं कोणी सांगत नाही. सर्व्हर न थांबता दोन वर्षं चालला, तर तो पुन्हा आपोआप नीट उठेल की नाही हे कोणालाच माहीत नसतं. या दोन वर्षांत कोणी काय काय बदललं, कुठली डिस्क हाताने जोडली, कुठला प्रोग्रॅम हाताने सुरू केला, हे सगळं त्या एका रीस्टार्टमध्ये उघडं पडतं. ते रविवारी पहाटे, माणूस समोर बसलेला असताना उघडं पडलेलं बरं, की पावसात वीज गेल्यावर?

आमच्या आधीच्या बॅचेसनी तर भारनियमनाचं वेळापत्रक बघून कामं केली आहेत. आपल्याच गुहागर तालुक्यातला एन्रॉनचा दाभोळ वीज प्रकल्प १९९९ साली सुरू झाला आणि २००१ साली बंद पडला. पुढे तो 'रत्नागिरी गॅस अँड पॉवर' या नावाने पुन्हा उभा राहिला. मधल्या वर्षांत वीज त्या प्रकल्पात बनण्याऐवजी आपल्या जिल्ह्यातून जात होती! तेव्हा सर्व्हर वेळेवर, रीतसर बंद करणं हे रोजचंच काम होतं.

मोठ्यांचीही परीक्षा होते

"कॉलेजचा सर्व्हर कशाला, गूगलकडे द्या, तिथे काही होत नाही" असं कोणी म्हणेल. अनेक कॉलेजांनी तसं केलेलंही आहे आणि त्यात शहाणपण आहे. पण नियम तिथेही तेच आहेत. २७ फेब्रुवारी २०११ ला जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के लोकांना आपली मेलपेटी रिकामी दिसली. साठवणुकीच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करताना त्यात एक दोष शिरला होता. गूगल प्रत्येक मेलच्या अनेक प्रती वेगवेगळ्या डेटा सेंटरमध्ये ठेवतं, पण दोष सॉफ्टवेअरचाच असल्याने तो सगळ्या प्रतींना लागला. शेवटी मेल परत मिळाले ते चुंबकीय टेपवरून, कारण टेप नेटवर्कपासून अलग होत्या.

आणि त्या खात्यांवर मधल्या काळात आलेल्या नव्या मेलचं काय झालं? ते बहुधा पोचले नाहीत आणि पाठवणाऱ्यांना तसा निरोप परत गेला, असं गूगलने तेव्हा कळवलं. चार आणि पाच यांतला फरक किती महाग पडतो बघा.

मग आपण काय करायचं?

विद्यार्थ्यांसाठी :

१. रीस्टार्टच्या रात्री लांबलचक मेल आधी नोटपॅडमध्ये लिहा, मग वेबमेलमध्ये चिकटवा. 
२. एकच मेल घाबरून तीनदा पाठवू नका. तो रांगेत असेल तर तिन्ही पोचतील आणि सर वैतागतील.
३. परत आलेला निरोप न वाचता पुसू नका. त्यातला आकडा बघा. चारने सुरू होत असेल किंवा 'अजून पाठवलं गेलं नाही, प्रयत्न चालू आहे' असं लिहिलं असेल तर थांबा. 'सेंडमेल'सारखी सॉफ्टवेअर चार तासांनी असा इशारा देतात, तो अपयशाचा निरोप नव्हे. पाचने सुरू होत असेल तर कारण बघून पुन्हा पाठवा.
४. मुदतीचं काम असेल तर "मिळालं की कळवा" असं स्पष्ट लिहा. यंत्राची पावती सर्व्हरपर्यंतच असते, माणसाची पावती माणसाकडूनच येते.
५. बाहेरच्या माणसाने "मी पाठवलंय, परत आलं" असं सांगितलं तर त्याला तो निरोप जसाच्या तसा मागा आणि सर्व्हर रूममध्ये नेऊन द्या. त्यातल्या वेळेवरून काय झालं ते कळतं.

सर्व्हर सांभाळणाऱ्या स्टाफसाठी (हे सांगणारी मी कोण, पण विषय निघालाच आहे तर) :

१. नोटीस सबमिशन आणि प्लेसमेंटच्या आठवड्यात नको, आणि निदान चार दिवस आधी हवी. नोटिशीत "येणारे मेल हरवणार नाहीत, उशिरा येतील" एवढी एक ओळ वाढवली तर अर्धे प्रश्न मिटतील.
२. आधी नवे मेल घेणं थांबवा, मग हातातली कामं पुरी होऊ द्या, मग बंद करा. पॉवरचं बटण हा शेवटचा उपाय.
३. उठताना क्रम पाळा. डिस्क जोडल्या गेल्या, नावांची यादी दिसली, आणि मगच मेलचं दार उघडा. पोस्टफिक्समध्ये 'सॉफ्ट बाउन्स' नावाची एक सोय आहे. ती चालू असली की कायमचे नकारही तात्पुरते होतात, पाचाचे चार होतात. रीस्टार्टच्या आधी ती चालू करा, सगळं ठीक दिसल्यावर बंद करा. 
४. बाहेरच्या खात्यावरून एक मेल आत आणि आतून एक बाहेर पाठवून बघा. त्यानंतरच घरी जा.
५. बॅकअप त्याच कपाटात ठेवू नका. चिपळूणात पाणी शिरलं तेव्हा ते कपाटं निवडून शिरलं नाही.

आता शीर्षकातल्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर. रविवारी रात्री दोन वाजता तुम्हाला येणारा मेल पाठवणाऱ्याच्या रांगेत असतो. तुम्ही दोनच्या आधी पाठवलेला आणि अजून बाहेर न पडलेला मेल आपल्या सर्व्हरच्या डिस्कवर असतो आणि तो उठल्यावर निघतो. आणि तुम्ही अजून टाइप करत असलेला मेल फक्त तुमच्या खिडकीत असतो. त्याला वाचवणारा नियम कोणी लिहिलेला नाही, तेव्हा तो आधी सेव्ह करा आणि मग खुशाल झोपा!